देवाची चिल्लर

परमेश्वराने प्रत्येक माणसाला एक तरी गुण दिलेला असतो आणि त्या गुणाने त्याची सेवा केली की देणे फिटते, असे आमच्या आळीत चातुर्मासात कीर्तनाला येणारे बुवा सांगत असत. बुवा हे मोठे ठासून सांगत आणि लगेच गायला लागत. गाणे ऐकल्यावर बुवांचा गुण दुसराच कुठलातरी असला पाहिजे, एवढे आम्हां पोरांच्याही लक्षात येई.

पण तो विचार माझ्या डोक्यात जो घुसला, तो काही बाहेर पडला नाही. तेव्हापासून मी माझा गुण शोधत आलो आहे. पाचवीत गायनमास्तरांनी मला प्रार्थनेच्या शेवटच्या रांगेत उभे केले आणि ‘तू नुसती तोंडाची उघडझाप कर’ असे सांगितले, तेव्हा गाणे बाद झाले. चित्रकलेच्या मास्तरांनी माझा गणपती पाहून ‘हत्ती बरा जमलाय, पण मी गणपती सांगितला होता’ असा शेरा मारला, तेव्हा चित्रकला बाद झाली. अक्षराबद्दल तर बोलायलाच नको. माझा निबंध कंपाउंडरला नेऊन दाखवला असता, तर त्याने बिनदिक्कत खोकल्याचे औषध बांधून दिले असते.

राहता राहिले गणित. ते मला येत होते असे नव्हे. पण आमच्या अण्णांपुढे ते न येणे परवडण्यासारखे नव्हते. अण्णा हिशेबाच्या बाबतीत एकदम कडक. मी आठ वर्षांचा असताना वाण्याने दोन नवे पैसे कमी परत दिले, म्हणून त्यांनी मला भर पावसात इरले देऊन परत पाठवले होते. दोन पैसे मिळाले. ताप आला, त्याला औषध लागले, ते दीड रुपयाचे. आईने हे दोन्ही आकडे अण्णांपुढे मांडले, तर ते म्हणाले, ‘औषधाचा खर्च वेगळ्या खात्यात.’

असा मी यथावकाश एका बँकेत चिकटलो आणि छत्तीस वर्षे कॅशच्या पिंजऱ्यात काढून २०१४ साली बाहेर पडलो. त्या छत्तीस वर्षांत मला माझा गुण सापडला. मला मोजता येत होते. ओल्या स्पंजाला बोट लावून मी गड्डी हातात घेतली, की बघणारे बघत राहत. शंभराच्या गड्डीत नव्व्याण्णव नोटा असल्या तर ते मोजण्याआधी माझ्या तळहाताला कळे. संध्याकाळी कॅश टॅली झाली नाही असे सहसा होत नसे, आणि झालेच तर रुपया शोधल्याशिवाय मी घरी जात नसे. मग नोटा मोजण्याचे यंत्र आले. ते माझ्याइतकेच जलद मोजत होते आणि मधेच चहाला जात नव्हते. मॅनेजरसाहेबांना ही दुसरी गोष्ट जास्त आवडली.

निवृत्त होऊन घरी आलो, तो असा एक गुण घेऊन, की ज्याची जगात आता कुणालाच गरज नव्हती. घरात दोन दिवस अस्वस्थ फिरल्यावर आमची ही म्हणाली, ‘घरात मोजण्यासारखं काही नाही. वाल सोलायचेत. मोजून सोला हवं तर.’

कार्तिकात आमच्या आळीतल्या विठ्ठलमंदिरात सप्ताह असतो. त्याच्या तयारीची सभा भरली. अध्यक्ष म्हणाले, ‘ज्याने त्याने आपापली सेवा सांगावी.’ एकाने पखवाज सांगितला. एका काकूंनी रांगोळी सांगितली. वायरमनने दिव्यांच्या माळा अंगावर घेतल्या. गवळ्याने रोजचे दोन लिटर दूध सांगितले आणि ते पाण्यावाचून देईन असेही आपण होऊन सांगितले, त्यामुळे सभा जरा विचारात पडली. वकीलसाहेबांनी कोर्टकचेरीचे सगळे आपण बघू असे जाहीर केले. देवावर एकही दावा चालू नसल्यामुळे त्यांची सेवा सर्वांत हलकी होती. मग अध्यक्ष माझ्याकडे वळले. ‘आणि तुम्ही?’

‘मला मोजता येतं,’ मी म्हणालो.

सभा क्षणभर गप्प झाली. मग अध्यक्ष म्हणाले, ‘मग पेटी तुमची.’

दानपेटी ज्याने मोजली नाही, त्याला माणसाच्या स्वभावाची निम्मीच ओळख झाली असे मी समजतो. दर गुरुवारी दोन विश्वस्तांसमोर पेटी उघडायची, सतरंजीवर ओतायची आणि ढीग लावायचे. बँकेतली चिल्लर कोरडी असते. देवाची चिल्लर हळदकुंकवाने माखलेली, तेलाने चिकटलेली, मधूनमधून तुळशीची पाने आणि एखादी सुपारी लागलेली. २५ पैशांचे नाणे ३० जून २०११ पासून चलनातून गेले, पण आमच्या विठोबाला ते कुणीही सांगितलेले नाही. त्याच्या पेटीत ते अजून येते. पानवाला घेत नाही, रिक्षावाला घेत नाही, तेव्हा ते देवाकडे येते. फाटक्या नोटांचेही तसेच. आणि ८ नोव्हेंबर २०१६ च्या नंतरच्या गुरुवारी तर पेटीला कुलूप लावायलाही जागा उरली नव्हती. पाचशेच्या नि हजाराच्या नोटा! इतकी भक्ती आमच्या आळीत आहे याची त्याआधी कुणालाही कल्पना नव्हती.

त्या नोटा सरळ करता करता माझ्या मनात एक खट्याळ विचार आला. लोक देवाला काय देतात? जे दुसरीकडे चालत नाही ते. मग मी तरी काय देत होतो? बँकेत चालेनासा झालेला गुण आणि निवृत्तीनंतर उरलेला वेळ. म्हणजे मीही एक चलनातून गेलेले नाणेच होतो. पण मी तो विचार फार ताणला नाही. शेवटी देव घेतो आहे ना? मग आपले काय जाते?

उलट, मला माझ्या सेवेसाठी आधार हवा होता, आणि तो मी संतमंडळींत शोधू लागलो. आपल्याकडच्या संतांचे हे एक बरे आहे. त्यांतला जवळजवळ प्रत्येकजण कामधंद्यातला आहे. सावतोबांना मळ्यातून सवड नव्हती. ते अरणहून पंढरीला गेले नाहीत, तर पंढरीनाथच त्यांच्या मळ्यात आले असे सांगतात. तेरचे गोरोबा चिखल तुडवत होते. नामदेव शिंपी. जनाबाई दळणकांडण करत होत्या. नरहरी सोनारांनी विठ्ठलाच्या कमरेचा करगोटा घडवला, तो एकदा सैल झाला आणि एकदा घट्ट, त्यामुळे मापाच्या बाबतीत तेही आमच्यासारखेच अडचणीत आलेले. सेना महाराज पूजेत होते, तेव्हा देव स्वतः धोकटी घेऊन राजाची हजामत करायला गेला.

पण या सगळ्यांत कॅशियर कुठे आहे? मंगळवेढ्याचे दामाजीपंत जरा जवळ येतात. दुष्काळात त्यांनी बादशहाची धान्याची कोठारे वरिष्ठांची मंजुरी न घेता उघडली, आणि विठोबा विठू महाराचे रूप घेऊन बेदरला गेला, सगळी रक्कम रोख भरली आणि पावती घेतली, अशी कथा आहे. काउंटरच्या पलीकडे देव उभा आहे, पैसे भरतो आहे, पावती मागतो आहे! ही कथा वाचताना माझ्या अंगावर काटा येतो. फक्त त्या दिवशीच्या कॅशियरचे नाव कुठेच नाही. आमची जात ही अशी.

शेवटी मला एकनाथ महाराज सापडले. देवगिरीच्या किल्ल्यावर ते जनार्दनस्वामींकडे होते आणि हिशेब लिहीत. एकदा ताळेबंदात एक पै लागेना. नाथ रात्रभर दिवा लावून बसले, पहाटे चूक सापडली आणि त्यांनी आनंदाने टाळी वाजवली. स्वामी म्हणाले, एका पैची चूक सापडल्यावर एवढा आनंद, तर संसारातली मोठी चूक सापडली तर किती होईल! ही गोष्ट वाचल्यावर मी ती लगेच हिला वाचून दाखवली. एक पै म्हणजे रुपयाचा एकशेब्याण्णवावा भाग, हेही सांगितले. ही म्हणाली, ‘गोष्ट चांगली आहे. पण तुम्हांला त्यातली पैच तेवढी दिसली.’

आता इथे मला अण्णांबद्दल सांगितले पाहिजे, कारण इतका वेळ ते मी टाळत आलो आहे.

२०१७ च्या उन्हाळ्यात अण्णांना अर्धांगाचा झटका आला. वय अठ्ठ्याऐंशी. उजवी बाजू गेली, वाचा अडखळू लागली. दवाखान्यातून घरी आणले आणि मधली खोली त्यांची झाली. त्यांना उठवणे, बसवणे, भरवणे, पुसणे, कूस बदलणे हे सगळे ही करू लागली. कसे सुरू झाले ते मला सांगता येणार नाही. कुणी ठरवले नाही. सभा भरली नाही, अध्यक्षांनी विचारले नाही. एक दिवस पाहिले तर ते तिचे काम झालेले होते.

आणि मी देवळात जात होतो. मी आधीच सांगितले आहे, की पेटी दर गुरुवारी उघडत असे. पण मी रोज जात होतो. पाच वाजले, मधल्या खोलीतून अण्णांची हाक आली, की मला देवाची ओढ लागे. देवळात गेल्यावर काही काम नसले तर मी काढत असे. पावतीपुस्तकांना आकडे घाल, जुन्या वह्यांना पुठ्ठे चढव. नवाच्या सुमारास घरी यावे तो अण्णांचे सगळे उरकलेले असे. लोक म्हणत, ‘काय भक्ती आहे!’ मलाही ते हळूहळू पटू लागले होते.

त्या वर्षीच्या सप्ताहाच्या शेवटी माझा सत्कार झाला. शाल, श्रीफळ आणि ‘निष्काम सेवा’ असे छापलेले मानपत्र. उत्तरादाखल दोन शब्द बोलायला सांगितले. मी तोंडाची नुसती उघडझाप केली असती तर बरे झाले असते. पण मी बोललो. म्हणालो, ‘घरी आमची ही वडिलांची सेवा करते, म्हणून मी इथं देवाची सेवा करू शकतो. एका घरात दोन सेवा!’ टाळ्या पडल्या. काकूंनी डोळ्यांना पदर लावला. ही बायकांत बसली होती. तिनेही टाळी वाजवली असावी, मी पाहिले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांची चादर पिळता पिळता ही म्हणाली, ‘अहो, काल ते सेवा म्हणालात.’

‘हो. मनापासून म्हणालो.’

‘मला कुणी विचारलं होतं का?’

मी चादरीचे दुसरे टोक धरले होते. ते तसेच धरून राहिलो.

‘मी हे करते ते मला करावंसं वाटतं म्हणून किती, आणि दुसरं कुणी करत नाही म्हणून किती, ते माझं मलाच अजून कळलेलं नाही. कधी मनापासून होतं, कधी नुसतं होतं. तुम्ही सगळ्यांसमोर एकदम सेवा म्हणून पावती फाडून मोकळे.’

एवढे बोलून तिने चादर झटकली आणि दोरीवर टाकली. भांडण झाले असते तर मला उत्तर देता आले असते. पण ती भांडत नव्हती.

त्या गुरुवारी पेटी मोजताना माझी मोजणी पहिल्यांदा चुकली. डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. सेवा आणि वेठ यांत फरक तो काय? पैसे दोन्हींत मिळत नाहीत. कष्ट दोन्हींत सारखेच. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही एकसारखी दिसतात. मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत बांधायला ज्यांना लावले होते, त्यांत चोखोबा होते. १३३८ साली ती भिंत कोसळली आणि चोखोबा तिच्याखाली गेले. त्यांच्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू येत होते, त्यावरून नामदेवांनी ती ओळखली, अशी कथा आपण सांगतो, आणि सांगताना आपले डोळे भरून येतात. नाम चोखोबांचे होते, यात शंका नाही. पण भिंतीचे काम? ते ज्यांनी करवून घेतले, त्यांनी त्यालाही गावाची सेवाच म्हटले असेल. ज्या देवाचे नाम त्यांच्या हाडांत होते, त्याच्या देवळात त्यांना जाता आले नाही. महाद्वाराबाहेर त्यांची समाधी झाली, आणि त्यांच्या माणसांना आत पाऊल टाकायला १९४७ साल उजाडावे लागले. त्यासाठीही साने गुरुजींना दहा दिवस उपास काढावा लागला.

तेव्हा मला असे वाटू लागले, की सेवा हा शब्द ज्याने काम केले त्याने वापरायचा असतो. करवून घेणाऱ्याने तो वापरला, की त्याची वेठ होते.

आणि उलटही होते. पंढरपूरच्या देवळात परंपरेने किती प्रकारच्या सेवा होत्या! पुजारी पूजा करायचे, बेणारी मंत्र म्हणायचे, परिचारक पाणी आणायचे, हरिदास गायचे, डिंगऱ्यांनी देवाला आरसा दाखवायचा, दिवट्यांनी दिवटी धरायची, डांग्यांनी चांदीची काठी घेऊन उभे राहायचे. विचार करा, देवाला आरसा दाखवणे! इतके नाजूक काम मनुष्याला सुचावे, यातच सगळी भक्ती आली. पण पिढ्यांमागून पिढ्या गेल्या, सेवेचा हक्क झाला, हक्काचे वाटे झाले आणि वाट्यांचे दावे झाले. १९७३ साली कायदा करून हे वंशपरंपरेचे हक्क काढावे लागले आणि त्यावरचा वाद सर्वोच्च न्यायालयात २०१४ साली मिटला. आमच्या वकीलसाहेबांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, ‘बघा, म्हणजे माझी सेवा अगदीच बिनकामाची नव्हती.’

माझी पेटीही काही वेगळी नव्हती. ती आता माझी झाली होती. मी आजारी असताना दुसऱ्या कुणी मोजलेली मला खपत नसे.

मग मला पुन्हा गोरोबा आठवले. चिखल तुडवताना त्यांचे मूल पायाखाली आले, ही कथा सर्वांना माहीत आहे. पण ते मूल तिथे कसे आले? त्यांची बायको पाण्याला गेली होती आणि जाताना ‘जरा याच्याकडे लक्ष ठेवा’ असे सांगून गेली होती. इतकी साधी गोष्ट. गोरोबांची तल्लीनता खरी होती, देवाने मूल परत दिले, म्हणून कथेचा शेवट गोड झाला. माझी तल्लीनता खरी नव्हती, आणि आमच्या आळीत मूल परत देण्याची सोयही नव्हती.

मी अध्यक्षांना जाऊन सांगितले, की गुरुवारी तासभर येईन, बाकी दिवस येणार नाही. संध्याकाळी पाच ते नऊ मला घरी काम आहे. अध्यक्षांनी विचारले, ‘अहो, पण देवाचं काय?’ मी म्हणालो, ‘त्याला थांबायची सवय आहे. पुंडलिकानं एक वीट फेकली होती, तेवढ्यावर तो अजून उभा आहे.’ अध्यक्ष हसले. पण बोलून गेल्यावर माझ्याच लक्षात आले, की ज्या देवळात मी घर चुकवायला रोज जात होतो, त्यातला देव आईबापांचे पाय चेपणाऱ्या माणसासाठी ताटकळत उभा होता. मी समोर बसून त्याची चिल्लर मोजत होतो आणि विटेकडे माझे लक्ष गेले नव्हते.

पहिले आठ दिवस पाच ते नऊ ही नुसती झोपली. मला वाटले होते, ती देवळात जाईल, मैत्रिणीकडे जाईल. ती झोपली. तिची किती झोप राहिली होती, याचा हिशेब कुठल्याच वहीत नव्हता.

मला काहीही येत नव्हते. पेज भरवताना ती अण्णांच्या सदऱ्यावर जास्त जाई. दाढी करताना मी त्यांची हनुवटी दोन ठिकाणी कापली. सेना महाराजांच्या जागी देव गेला होता, माझ्या जागी कुणी आले नाही. अण्णा एका डोळ्याने माझ्याकडे असे बघत, की मी आठ वर्षांचा होऊन दोन पैसे कमी घेऊन आलेलो आहे. आवडीने केले का, असे विचाराल तर पहिले पंधरा दिवस नाही. मी घड्याळाकडे बघत असे. नऊला दहा कमी, नऊला पाच कमी.

व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी सांगितले होते, की उजव्या हाताने बारीक वस्तू उचलायला लावा. ही राजमा देत असे. अण्णा तो उचलत आणि रागाने फेकत. एकदा माळ्यावर बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा सापडला. त्यात अण्णांनीच साठवलेली जुनी नाणी. भोकाचे पैसे, आणे, दोन आणे, कमळाचे पितळी वीस पैशांचे नाणे. मी ती चादरीवर ओतली. अण्णांचा हात आपण होऊन पुढे आला.

‘मोज,’ ते म्हणाले. झटक्यानंतर इतका स्पष्ट शब्द त्यांच्या तोंडून आला नव्हता.

मग रोज संध्याकाळी आम्ही बापलेक मोजायला बसू लागलो. एक पैसा उचलायला त्यांना मिनिट लागे. बोटे थरथरत, नाणे निसटे, पुन्हा धरायचे. छत्तीस वर्षांत मी कुणाला इतके सावकाश मोजताना पाहिले नव्हते, आणि इतका वेळ थांबलोही नव्हतो. शिवाय आमचा मेळ बसत नसे. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर पैसे झाले, हे अण्णांना माहीत होते, पण मान्य नव्हते. त्यांचा रुपया चौसष्ट पैशांचा. मी शंभरावर जायचो, ते चौसष्टावर थांबायचे, आणि आम्ही दोघेही एकमेकांची चूक काढायचो. एका संध्याकाळी असा वाद चालला असता ही दारात येऊन म्हणाली, ‘अहो, साडेदहा वाजलेत.’

त्या दिवशी माझे घड्याळ बघायचे राहिले होते. आयुष्यात मी केलेल्या सेवेची नोंद करायची झालीच, तर तो दीड तास मी धरीन. बाकीचे खाते मला नीट सांगता येणार नाही. पुढेही काही दिवस नुसते कर्तव्य म्हणून झाले, काही दिवस ‘कधी संपेल हे’ असेही मनात आले. हिला मी हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, ‘मग आता कळलं ना, कसं असतं ते?’ आणि तिने मला पहिल्यांदाच चादरीचे टोक न मागता दिले.

अण्णा जायच्या आधी चारपाच दिवसांची गोष्ट. २०१९ चा श्रावण. हात फार थकला होता. तरी डबा मागितला. एकेक पैसा उचलून माझ्या तळहातावर ठेवत गेले. शेवटी थांबले आणि म्हणाले, ‘रुपया.’

माझ्या तळहाताला कळले होते. त्रेसष्ट होते.

छत्तीस वर्षे एक रुपयासाठी मी रात्री नऊ-नऊपर्यंत बँकेत थांबलो होतो. दोन पैशांसाठी याच माणसाने मला पावसात पाठवले होते. ते माझ्याकडे बघत होते. एका डोळ्याने, पण पूर्वीच्या कॅश तपासणाऱ्या नजरेने.

‘बरोबर, अण्णा,’ मी म्हणालो. ‘टॅली.’

त्यांनी डोळे मिटले. तो हिशेब मी पुन्हा तपासला नाही.

आता मी पुन्हा गुरुवारी पेटी मोजायला जातो. हल्ली पेटीच्या वर एक कागद चिकटवला आहे. त्यावरचा चौकोन फोनला दाखवला, की पैसे परस्पर देवाच्या खात्यात जातात. माझी गरज तिथेही संपत आलेली आहे. पण पंचवीस पैशांची नाणी अजून येतात, तोवर चिंता नाही. बरोबर ही पण येते. तिने तिथे काय करायचे ते मी सांगत नाही. कधी भजनाला बसते, कधी खांबाला टेकून डुलकी काढते.

अण्णांच्या वर्षश्राद्धानंतर मी ते त्रेसष्ट पैसे पेटीत टाकले, आणि गुरुवारी मीच मोजून काढले. अध्यक्षांनी वही उघडली आणि विचारले, ‘ही जुनी नाणी किती?’

‘एक रुपया,’ मी म्हणालो.

अध्यक्षांनी तसे लिहिले. माझ्या हातून झालेली ती पहिली खोटी नोंद. ऑडिट अजून आलेले नाही.